जहाज एका देशाचं, समुद्र दुसऱ्याचा: शोध-बचावाची सूत्रं नक्की कोणाकडे?

रात्रपाळी

आमच्या जहाज कंपनीच्या किनाऱ्यावरच्या आपत्कालीन कक्षाची कार्यपद्धती नव्याने लिहायची आहे. जुन्या वहीत एकच ओळ आहे: "जवळच्या आरसीसीला कळवा." जवळची म्हणजे कुठली, हेच तर ठरत नाही. म्हणून एक काल्पनिक प्रसंग मांडतो.

मालवाहू जहाज 'क' देशाच्या ध्वजाखालचं. आहे खुल्या समुद्रात, 'ख' देशाच्या शोध-बचाव क्षेत्रात, पण 'ग' देशाच्या क्षेत्राची रेघ तिथून जेमतेम तीस मैलांवर. रात्री दोन वाजता कक्षातला फोन वाजतो. पलीकडे 'क' देशाचं बचाव समन्वय केंद्र, म्हणजे आरसीसी. "तुमच्या जहाजाचा ईपर्ब सुरू झालाय, स्थान मिळालेलं नाही." ईपर्ब म्हणजे संकटात उपग्रहांना इशारा पाठवणारं जहाजावरचं यंत्र. जहाजाचा सॅटेलाइट फोन कोणी उचलत नाही.

हजारो मैल लांबच्या 'क'कडून फोन का? स्थान का नाही? पुढचा फोन आम्ही 'ख'ला करायचा की 'ग'ला, की 'क' करेल म्हणून थांबायचं? आणि आमचंच दुसरं जहाज तिथून साठ मैलांवर असेल तर त्याला वळायला आम्ही सांगायचं की आरसीसीने?

प्लॉटिंग_टेबल

फोन आधी ध्वजदेशाकडून येतो याचं कारण ईपर्बच्या संदेशातच आहे. ४०६ मेगाहर्ट्झचा ईपर्ब साधारण दर ५० सेकंदांनी अर्ध्या सेकंदाचा संदेश फेकतो. त्यात त्याची ओळख असते (हेक्समधली १५ अक्षरं) आणि त्या ओळखीत तीन अंकी देश-संकेतांक. कॉस्पास-सारसॅट या शोध-बचावाच्या उपग्रह यंत्रणेचा भूस्थिर उपग्रह हा संदेश काही मिनिटांत पकडतो. पण तो पृथ्वीच्या मानाने जागचा हलत नाही, त्यामुळे डॉप्लरवरून (उपग्रहाच्या गतीमुळे बदलणाऱ्या वारंवारितेवरून) जागा काढता येत नाही. ईपर्बमध्ये जीपीएस नसेल, किंवा असून त्याला अजून स्वतःची जागा मिळाली नसेल, तर "कोण" कळतं, "कुठे" कळत नाही. असा बिनस्थानाचा इशारा संकेतांकाच्या देशाकडे जातो. म्हणून 'क'.

स्थान नंतर दोन वाटांनी येतं. खालच्या कक्षेतला उपग्रह डोक्यावरून जातो तेव्हा डॉप्लरवरून, किंवा मधल्या कक्षेतल्या अनेक उपग्रहांनी एकच संदेश ऐकला तर वेळ आणि वारंवारिता यांच्या फरकावरून. ते मिळालं की इशारा ज्या क्षेत्रात ते स्थान पडतं त्या आरसीसीकडेही जातो, म्हणजे 'ख'कडे. खालच्या कक्षेच्या एकाच फेरीत दोन स्थानं निघतात, उपग्रहाच्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना एकेक. खरं कुठलं ते दुसऱ्या फेरीत किंवा दुसऱ्या माहितीवरून ठरतं. इथे तुमचा कक्ष कामाला येतो: जहाज शेवटचं कुठे होतं एवढं सांगितलंत तरी खोटं स्थान तिथल्या तिथे बाद होतं.

आता सूत्रांचा प्रश्न. ज्या आरसीसीला इशारा पहिल्यांदा मिळाला, ती जबाबदार. क्षेत्र तिचं असो वा नसो. 'ख'कडे सोपवून 'ख'ने "घेतलं" असं स्पष्ट म्हणेपर्यंत जबाबदारी 'क'वरून हलत नाही. हस्तांतर म्हणजे नुसता ईमेल टाकणं नव्हे. दोन्हीकडचे मोहीम समन्वयक (एसएमसी) आपसात बोलतात, मागोमाग पूर्ण सिटरेप (परिस्थितीचा लेखी अहवाल) जातो, आणि स्वीकारल्याची वेळ दोन्ही नोंदवह्यांत यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाण वेळेत) लिहिली जाते. या कामात सगळ्यात वाईट चूक हीच होते: पहिल्याला वाटतं, आता ते त्यांचं. दुसऱ्याला वाटतं, आपल्याला फक्त माहितीसाठी कळवलंय. मधले दोन तास कोणाचेच नाहीत. सिटरेपमध्ये "आपण समन्वय स्वीकारल्याचं कळवा" हे वाक्य नसेल तर मी तो सिटरेप हस्तांतराचा धरणार नाही.

तेव्हा तुमच्या वहीसाठी उत्तर असं: फोन करणाऱ्या केंद्राला तिथेच विचारा, "या क्षणी एसएमसी कोण?" नाव, फोन, यूटीसी वेळ लिहून घ्या. नंतर प्रत्येक फोनच्या सुरुवातीला हाच प्रश्न. जहाज 'ख'च्या क्षेत्रात आहे याची खात्री असेल तर 'ख'लाही फोन करा, बिघडत काही नाही, पण "'क'चं केंद्र आत्ता हाताळतंय" हे पहिल्याच वाक्यात सांगा.

आणि आरसीसी पहिल्या पाच मिनिटांत जे विचारणार ते हाताशी ठेवा: जहाजावर नेमकी किती माणसं, शेवटचं स्थान व त्याची वेळ, प्रवासाचा आराखडा, लाइफबोटी आणि तराफे किती, किती माणसांचे, रंग कोणता, माल काय, इंधन किती, जहाजाचा फोटो. एलआरआयटीची (जहाजाचं स्थान उपग्रहामार्फत आपोआप कळवणाऱ्या यंत्रणेची) नोंद साधारणपणे सहा तासांनी येते, पण शोध-बचावासाठी आरसीसी ती मधेही मागवू शकते आणि त्याला पैसे पडत नाहीत. ते त्यांना करू द्या.

एक गोष्ट आजच तपासा. जहाज विकलं, ध्वज बदलला, आणि ईपर्बमधला संकेतांक जुन्याच देशाचा राहिला, असं सर्रास घडतं. मग फोन भलत्याच देशात जातो आणि तिथल्या नोंदवहीत जुन्या मालकाचा नंबर असतो. ध्वज बदलला की ईपर्बचं कोडिंग आणि नोंदणी दोन्ही बदलायची. नुसती नोंदणी बदलून भागत नाही.

हेल्मवरून

वरचं किनाऱ्याच्या बाजूने झालं, मी ब्रिजच्या (जहाज चालवण्याच्या कक्षाच्या) बाजूने लिहितो.

तुमच्या दुसऱ्या जहाजाचा कप्तान तुमच्या परवानगीची वाट पाहत बसणार नाही, बसूही नये. सोलास या सागरी जीवसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणातला ३३वा नियम सांगतो की संकटाची खबर मिळाली आणि मदत करता येण्याजोगी असली की पूर्ण वेगाने निघायचं. जाणं शक्य किंवा योग्य नसेल तर का नाही ते लॉगबुकात लिहायचं. त्याच प्रकरणात ३४-१ आहे: मालक, भाडेकरू, कंपनी, कोणीही कप्तानाला जीव वाचवण्याच्या निर्णयापासून अडवू शकत नाही. कंपनीने करायचं ते एवढंच: त्या जहाजाचं नाव, स्थान आणि वेग आरसीसीला कळवणं. आरसीसी त्याला बोलावेल किंवा सोडेल.

डीएससीवर (रेडिओवरच्या डिजिटल हाकेच्या यंत्रणेवर) संकटाचा इशारा ऐकला तर लगेच बटण दाबून पोच देणं ही नवशिक्याची चूक. व्हीएचएफवर (जवळच्या पल्ल्याच्या रेडिओवर) चॅनेल ७० चा इशारा पोच मिळेपर्यंत साधारण चार-चार मिनिटांनी आपोआप पुन्हा जात राहतो. तुम्ही डीएससीने पोच दिलीत की ते थांबतं, आणि किनाऱ्याने तो ऐकलाच नसेल तर तुम्ही त्याचा आवाजच बंद केलात. म्हणून थांबा, चॅनेल १६ ऐका, किनारा केंद्राला उत्तर देऊ द्या. ते गप्प राहिलं तर १६वर तोंडी पोच द्या आणि किनाऱ्याला कळवा. एचएफवर (लांब पल्ल्याच्या रेडिओवर) तर जहाजाने डीएससी पोच द्यायचीच नाही. पाच मिनिटं किनाऱ्याकडून काही ऐकू आलं नाही तर एखाद्या किनारा केंद्राकडे रिले करा. सगळ्या जहाजांना उद्देशून डीएससी रिले मारू नका. एकाने मारला की दहा जण मारतात आणि कन्सोलवर अलार्म बंद करण्यातच माणूस गुंततो.

जागेवर पोचल्यावर एसएमसी एकाला जागेवरचा समन्वयक, म्हणजे ओएससी, नेमतो. बहुधा पहिलं पोचलेलं किंवा संपर्काची साधनं बरी असलेलं जहाज. मोठं असणं हा निकष नाही. २८ सप्टेंबर १९९४ ला बाल्टिकमध्ये 'एस्टोनिया' बुडालं तेव्हा पहिलं पोचलं 'मारिएला', पण फिनलंडच्या तुर्कू केंद्राने ओएससी नेमलं 'सिल्या युरोपा'च्या कप्तानाला. त्या दुर्घटनेत ८५२ माणसं गेली. तिथलेच दोन तपशील लक्षात ठेवण्यासारखे: मेडेमध्ये (संकटाच्या तोंडी हाकेत) स्थान कित्येक मिनिटांनी आलं, आणि ईपर्ब हाताने चालू करायच्या जातीचे होते, ते चालूच झाले नव्हते.

आता शोधाचं गणित, कारण किनाऱ्यावरच्या लोकांना वाटतं की पाच जहाजं गेली म्हणजे सापडेलच. आयामसार या शोध-बचावाच्या आंतरराष्ट्रीय पुस्तिकेच्या तिसऱ्या खंडात तक्ता आहे. दृश्यता दहा मैल असेल तर पाण्यातल्या माणसासाठी दोन शोधरेषांमधलं अंतर ०.६ मैल, सहा जणांच्या तराफ्यासाठी ५ मैल. वारा १५ ते २५ नॉट (तासाला सागरी मैल) झाला की माणसासाठी त्याला ०.५ ने गुणायचं, तराफ्यासाठी ०.९ ने. म्हणजे उरले ०.३ आणि ४.५. दहा नॉटने चालणारं एक जहाज तासाला माणसासाठी ३ चौरस मैल धुंडाळतं, तराफ्यासाठी ४५. शोधक्षेत्र २० बाय २० मैल, म्हणजे ४०० चौरस मैल धरा. तराफा असेल तर एका जहाजाला नऊ तास. माणूस असेल तर १३३. पाच जहाजं लावली तरी सत्तावीस तास, आणि तोवर क्षेत्र वाढत राहतं. वारा २५ च्या वर गेला की माणसाचा गुणक ०.२५ होतो, मग हिशेब करण्यातही अर्थ राहत नाही. म्हणून "तराफा पाण्यात पडला होता का, माणसांच्या अंगावर लाइफजॅकेट होतं का" हे आरसीसी पुन्हा पुन्हा विचारते, तेव्हा कंटाळू नका. शोध कशाचा, यावर पंधरा पटींचा फरक पडतो.

रात्रपाळी

दोघांचेही आभार. दोन गोष्टी अजून. 'ग'चं हेलिकॉप्टर 'ख'च्या क्षेत्रात यायला राजनैतिक परवानगी लागते का? आणि वाचवलेल्या माणसांना उतरवायचं कुठे, हे कोण ठरवतं? चार्टररचा (जहाज भाड्याने घेणाऱ्याचा) पहिला फोन त्याबद्दलच येणार.

दोन_नांगर

पहिल्यात दोन गोष्टींची गल्लत होते. शोध-बचाव क्षेत्राची रेघ ही सीमा नाही. १९७९ च्या हॅम्बुर्गच्या शोध-बचाव करारातच लिहिलंय की या क्षेत्रांच्या आखणीने देशांच्या हद्दींवर काही परिणाम होत नाही. जगातले समुद्र १३ भागांत वाटून घेण्याची योजना १९९८ मध्ये फ्रीमँटलच्या परिषदेत पूर्ण झाली, आणि त्या भागांत प्रत्येक देशाने आपला तुकडा घेतला, तो जबाबदारीचा, मालकीचा नव्हे. खुल्या समुद्रावर 'ख'च्या क्षेत्रात शिरायला 'ग'च्या हेलिकॉप्टरला कोणाचा व्हिसा लागत नाही. एसएमसीशी समन्वय मात्र हवा, नाहीतर एकाच ढगाखाली दोन हेलिकॉप्टरं एकमेकांना न सांगता फिरतील. तीन-चार विमानं जमली की वेगळा विमान समन्वयक नेमतात. पहिलं काम सगळ्यांचं अल्टिमीटर (उंचीमापक) एकाच दाबावर आणणं.

परवानगी लागते ती प्रादेशिक समुद्रात, म्हणजे १२ मैलांच्या आत, आणि जमिनीवर. त्यासाठी करारात सोय आहे: मागणारा मोहिमेचा तपशील आणि गरज कळवतो, दुसऱ्याने पोच ताबडतोब द्यायची आणि अटी असतील तर शक्य तितक्या लवकर सांगायच्या. शेजाऱ्यांमध्ये आधीच लेखी समझोता असेल तर हे एका फोनवर होतं. नसेल तर अडचण बहुधा उड्डाणाची नसते, इंधनाची असते: हेलिकॉप्टर येऊन माणसं उचलू शकतं, पण परत जाण्याएवढं इंधन उरत नाही, म्हणजे 'ख'च्या जमिनीवर उतरणं आलं, म्हणजे कस्टम्स, इमिग्रेशन, रुग्णालय. हे प्रश्न उड्डाणाआधी आरसीसीने सोडवायचे. वैमानिकाने हवेत असताना नव्हे.

दुसरा प्रश्न अवघड. २००१ च्या ऑगस्टमध्ये नॉर्वेच्या 'टाम्पा' या मालवाहू जहाजाने ख्रिसमस बेटाजवळ ४३३ जणांना वाचवलं आणि त्यांना उतरवून घ्यायला कोणी तयार होईना. त्यानंतर सोलास आणि शोध-बचाव करार या दोन्हींत दुरुस्त्या झाल्या, १ जुलै २००६ पासून त्या लागू आहेत. त्यानुसार ज्या देशाच्या क्षेत्रात सुटका झाली, त्याने सुरक्षित ठिकाण मिळेल हे पाहायचं, आणि जहाजाला ठरलेल्या मार्गावरून कमीत कमी वळावं लागेल असं करायचं. नीट वाचा: त्या देशाने स्वतःच्याच बंदरात घ्यावं असं त्यात म्हटलेलं नाही. घोडं तिथेच अडतं. माल्टाने या दुरुस्त्या स्वीकारलेल्या नाहीत, त्यामुळे मध्य भूमध्य समुद्रात वाद कायमचा आहे.

वाचवणारं जहाज स्वतः तात्पुरतं सुरक्षित ठिकाण धरता येतं, पण कायमचं नाही. चार्टररला सांगायचं वाक्य: उतरवण्याचं बंदर आरसीसीशी ठरतंय, कप्तान आणि कंपनी मिळून परस्पर ठरवत नाहीत. वळसा सुरू झाल्याची वेळ, तिथलं स्थान आणि टाक्यांमधलं इंधन लॉगमध्ये घ्या, विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. पैशाचं नंतर.

डिग्री_मिनिट

वर सगळं बरोबर, पण ज्या चुकीने सगळ्यात जास्त तास वाया जातात ती कोणी लिहिली नाही. स्थान कसं लिहिलंय.

ईपर्बकडून, ट्रॅकिंगच्या वेबसाइटवरून, नातेवाइकाच्या मोबाइलवरून येणारं अक्षांश अनेकदा दशांश अंशांत असतं: १५.५०५. समुद्रावर चालतात अंश, मिनिटं आणि मिनिटांचे दशांश. १५.५०५ अंश म्हणजे १५ अंश ३०.३ मिनिटं. पण फोनवर "पंधरा, पन्नास, पाच" असं ऐकून पलीकडचा लिहितो १५ अंश ५०.५ मिनिटं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, तेव्हा चूक झाली २०.२ मैलांची. हेल्मवरून यांच्या चौकोनाची जवळजवळ पूर्ण बाजू. जहाजं इमानदारीने रिकामा समुद्र विंचरत बसतात.

उपाय: आकडे एकेक उच्चारायचे, "अंश" आणि "मिनिटं" हे शब्द तोंडाने म्हणायचे, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम कधीच गाळायचं नाही, आणि पलीकडच्याने परत वाचून दाखवल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. मिनिटांच्या जागी साठच्या वरचा आकडा दिसला तर तो दशांश अंश आहे हे नक्की. साठच्या आतला असला म्हणून बरोबर आहे असं मात्र नाही, वरचं उदाहरण तसंच आहे.

वेळेचंही तेच. "शेवटचं बोलणं पावणेदोनला झालं" याला काही अर्थ नाही. जहाजाची वेळ, कंपनीची वेळ, 'क'ची वेळ वेगळी. सगळं यूटीसीत, आणि तारीख सोबत, कारण मध्यरात्रीच्या आसपास दिवसच बदलतो. एक तासाची चूक म्हणजे एक नॉटने वाहणाऱ्या तराफ्याचा डेटम (शोध जिथून धरायचा तो अंदाजी बिंदू) एक मैल चुकला. तराफ्याने सी-अँकर (वाहणं मंदावणारा पाण्यातला ओढ-नांगर) टाकलाय की नाही हे कळलं तर तेही सांगा, त्यावर वाहण्याचा वेग बराच बदलतो.

अजून एक: जहाजाचा सॅटेलाइट फोन मोकळा ठेवा. कंपनी, एजंट, विमावाले, घरचे, सगळे त्याच नंबरवर तुटून पडतात आणि आरसीसीला लाइन मिळत नाही. एसएमसी ठरला की जहाजाशी तोच बोलेल, कंपनीने आरसीसीशी बोलायचं. घरच्यांसाठी कक्षात वेगळा नंबर आणि वेगळा माणूस.

प्लॉटिंग_टेबल

स्थानाबद्दल एकदम मान्य. आमच्याकडून भर एवढीच की सिटरेपमध्ये स्थानाशेजारी ते कुठून आलं हेही लिहावं: ईपर्बचं जीपीएस, डॉप्लर, एआयएस (जहाजाचं स्थान रेडिओवरून सांगणारी यंत्रणा), की कोणीतरी फोनवर सांगितलेलं. डॉप्लरचं स्थान पाच-एक किलोमीटरने इकडेतिकडे असू शकतं, जीपीएसचं शे-दीडशे मीटरने. दोन्ही एकाच ठशात लिहिली की पुढच्या केंद्राला दोन्ही सारखीच पक्की वाटतात.

वल्हं

शेवटच्या टप्प्याबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून हे.

वर करणं: मालवाहू जहाजाची कड पाण्यापासून बरीच उंच असते आणि थंडीने गारठलेल्या माणसाला शिडी चढता येत नाही. १ जुलै २०१४ पासून प्रत्येक जहाजाकडे पाण्यातून माणसं काढण्याची स्वतःची लेखी योजना असावी लागते. ती फाइलमध्ये असते, डेकवर जाळं मात्र कुठल्या लॉकरमध्ये ते कोणाला ठाऊक नसतं. वाऱ्याच्या बाजूने येऊन आडोसा द्या. शक्य असेल तर माणसाला आडवं उचला, बराच वेळ पाण्यात राहिलेल्याला उभं ओढलं की रक्तदाब कोसळून माणूस डेकवर पोचता पोचता जाऊ शकतो.

हेलिकॉप्टर: खाली येणारी दोरी जहाजाला कधीही बांधायची नाही. हूक आधी पाण्याला किंवा डेकला टेकू द्यायचा, त्यातला स्थिर विद्युतभार उतरला की मगच हात लावायचा. वैमानिकाने सांगितलेला मार्ग आणि वेग धरून ठेवायचा, त्याच्यासाठी आपल्या मनाने वळायचं नाही.

थांबवणं: चुकून लागलेल्या ईपर्बबद्दल लोक घाबरून गप्प बसतात. तो बंद करा आणि लगेच कुठल्याही आरसीसीला कळवा, ती पुढे पोचवते. नुसता बंद केलात तर आरसीसीच्या दृष्टीने तो ईपर्ब जहाजासकट बुडालेला असू शकतो आणि शोध चालूच राहतो. खऱ्या मोहिमेतही "संपली" हे एसएमसीच सांगतो. ज्यांना ज्यांना बोलावलं त्या प्रत्येक जहाजाला सोडल्याचा निरोप जायला हवा, तिन्ही देशांच्या केंद्रांना आणि तुमच्या कक्षालाही. पत्ता न लागता शोध थांबला तर तो "स्थगित" असतो, "बंद" नव्हे. नवी खूण मिळाली की पुन्हा उघडतो.

आणि रिकामा तराफा सापडला तर तो डेकवर घ्या. जमत नसेल तर आत कोणी नाही याची खात्री करून बुडवा, तेही जमत नसेल तर त्यावर ठळक खूण करा, आणि त्याचा क्रमांक व स्थान ओएससीला कळवा. नाहीतर सकाळी दुसरं विमान तोच तराफा नव्याने शोधून काढतं आणि जवळची तीन जहाजं पुन्हा त्याच्याकडे वळतात.